माळावरचं वसतिगृह

आमच्या तालुक्याच्या गावाला दोनशे मुलामुलींचं नवं वसतिगृह मंजूर झालंय. माणदेशात अशी बातमी आली की कुणीही खूश होणार. वाड्यावस्त्यांवरून येणारी पोरं आमच्याकडं अजून एसटीच्या वेळेवर शिकतात. गाडी चुकली की तास चुकला. तेव्हा इमारत हवीच. पण ती कुठं आणि कशी होणार हे मी नगरपंचायतीत लावलेल्या नकाशात बघितलं, आणि त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. गावापासून तीन किलोमीटरवर, गायरानाच्या उघड्या माळावर, चार मजली चौकोनी इमारत. एका अंगाला मुलं, दुसऱ्या अंगाला मुली, मध्ये भिंत. प्रत्येक मजल्यावर मधोमध लांबलचक बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, खोलीत चार खाटा. सगळ्याभोवती आठ फुटी आवारभिंत आणि भिंतीवर काचा. काचा नकाशात दाखवत नाहीत म्हणा, पण शेवटी लागतातच. आणि गावातल्या ज्या वाड्यात साठ वर्षं वसतिगृह चाललं, तो पाडून तिथं दुकानगाळे.

माझं म्हणणं सरळ आहे. ही इमारत त्या जागी होऊ नये, आणि त्या नकाशाप्रमाणे तर कुठंच होऊ नये.

आधी नकाशाचं सांगतो. तिथं एक तरुण इंजिनियर होता, पोरगा चांगला, नम्र. त्याला विचारलं, "बाबा, खिडक्या पश्चिमेला का काढल्यात? आमच्याकडं दुपारचं ऊन पश्चिमेकडून भाजतं." तो म्हणाला, "काका, हा नमुना नकाशा आहे. वरून येतो. जागा जशी वळेल तशी इमारत वळते." मग त्यानंच मोबाईलवर फोटो दाखवला. याच नकाशाची इमारत पाटणकडच्या डोंगरात उभी राहिलीय. तोच चौकोन, तोच गुळगुळीत गिलावा, त्याच सरकत्या खिडक्या. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेची भिंत आतून हिरवी झाली होती.

आता सातारा जिल्ह्याचा पाऊस कुणाला सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि इकडं माणच्या खोऱ्यात पाचशे पडला तरी चांगलं साल म्हणायचं. एकाच कलेक्टरच्या हाताखाली दोन वेगळी आभाळं. तिकडच्या जुन्या माणसांनी उतरती कौलारू छपरं केली, चहूबाजूंनी पडवी काढली, झड लागू नये म्हणून पावसाआधी भिंतींना गवताचे झाप बांधले. इकडच्यांनी माळवदं घातली. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर काठ्या, पाला, आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. उजेडाला वरून एक साणं, म्हणजे छपरातलं भोक. ही घरं बांधताना कुणी नमुना नकाशा पाठवला नव्हता. बांधणाऱ्यांनी फक्त वर बघितलं होतं.

माळवद काही सोन्याचं नव्हतं. गळायचं. दर उन्हाळ्यात वर माती टाकून चोपावं लागायचं, नाहीतर मृगाच्या पहिल्या पावसात अंथरुणावर चिखल. कुसळं उगवायची, उंदीर बिळं करायचे, तुळईला वाळवी लागायची. आज कुणी मला म्हणालं की दोनशे पोरांना माळवदाखाली ठेवा, तर मी त्यालाच दोन पावसाळे तिथं ठेवीन. पण त्या भिंतीत एक अक्कल होती. दुपारचं ऊन तिच्या आतल्या अंगाला पोचेपर्यंत दिवस मावळलेला असायचा, आणि तोवर बाहेर माळावरचा गार वारा सुटलेला असायचा. स्लॅबचं उलटं आहे. पाच इंचाचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते पोरांच्या अंगावर सोडतो. चौथ्या मजल्यावर, उघड्या माळावर, झाडाची सावली नाही, मधल्या बोळामुळं वारा आरपार जात नाही. सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते. कॉलेजच्या परीक्षा एप्रिल-मे महिन्यात. तिथं पोरं वाचणार काय आणि झोपणार कधी? पंखा आहे असं सांगतात. वीज किती वेळ आहे ते सांगत नाहीत.

गच्चीवर काळ्या टाक्या बसवणार आहेत. त्यातलं पाणी चैतात दुपारी हात घालवत नाही इतकं तापतं. हे सगळं माहीत असलेली माणसंच सही करतात. त्यांची स्वतःची घरं बघा, गच्चीवर पत्र्याची सावली घातलेली असते.

पण उन्हाची तक्रार उपायानं भागेल. स्लॅबवर पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवा, खिडकीवर हातभर छज्जा काढा, निंब-करंज लावा, निम्मा ताप कमी होईल. ज्याला उपाय नाही ते दुसरंच आहे, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे. तीन किलोमीटर.

मी आठवीत असताना वाड्यातल्या वसतिगृहात आलो. १९७२चं साल. वाडा एका जुन्या घराण्यानं मुलांच्या शिक्षणासाठी बक्षीसपत्र करून संस्थेला दिलेला. दोन चौकांचा, दगडी जोत्याचा, बाहेर गल्लीकडं लांब ओटा. आम्ही बत्तीसजण. स्वयंपाकघर असं नव्हतं. ज्याचा त्याचा डबा घरून एसटीनं यायचा. आई पहाटे भाकरी थापून फडक्यात बांधायची, वस्तीवरच्या फाट्यावर कंडक्टरच्या हातात द्यायची आणि डबा स्टँडवर उतरायचा. डब्यावर खिळ्यानं कोरलेलं नाव. आम्ही दोघंतिघं पाळीपाळीनं स्टँडवर जाऊन सगळ्यांचे डबे आणायचो. वाडा स्टँडपासून पाच मिनिटांवर होता म्हणून हे जमायचं.

त्या वर्षी दुष्काळानं डबे आटले. आईबाप खडी फोडायला कामावर गेले, घरात पीठ नाही, डबा कुठून येणार? आठवड्यातून दोनदा, मग एकदा. रेशनवर लाल मिलो यायचा, गुरांनीसुद्धा नाक मुरडावं असा. त्या दिवसांत गल्लीनं आम्हांला धरून ठेवलं. कुणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. संध्याकाळी ओट्यावर आम्ही बसलेलो असायचो, आणि समोरच्या घरातली आजी बघायची की आज याच्या पुढ्यात डबा नाही. "ये रं लेकरा, अर्धी भाकर खा" एवढंच म्हणायची. तिच्या घरातही मिलोच होता. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या अण्णांनी गिरणीत सांडलेलं पीठ झाडून आम्हांला देण्याचा रिवाज त्याच वर्षी सुरू केला. आमच्यातल्या एकानेही त्या साली शाळा सोडली नाही. हे त्या ओट्यामुळं झालं असं मी म्हणतो. ओटा गल्लीकडं नसता, आठ फुटी भिंतीच्या आत असता, तर आजीला काय दिसणार होतं?

आणि आम्ही नुसतं खाणारे नव्हतो. गल्लीतल्या निम्म्या घरातली माणसं मुंबईला गिरणीत. त्यांची पत्रं आली की वाचायला आम्ही, उत्तर लिहायला आम्ही. मनीऑर्डरच्या कागदावर अंगठ्याशेजारी साक्षीची सही आमची. मला मराठी लिहायला शाळेनं शिकवलं हे खरं, पण कुठलं वाक्य लिहावं आणि कुठलं गिळावं हे मी त्या ओट्यावर, डोळे पुसणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून शिकलो. रात्री आमच्या कंदिलाभोवती गल्लीतली लहान पोरं पाटी घेऊन बसायची.

आता कुणी म्हणेल, हा जुन्या गावाचं गोडवं गातोय. नाही गात. गाव कसं होतं ते मला ठाऊक आहे. आमच्या आधीची पोरं सांगायची, वसतिगृह सुरू झालं त्या पहिल्या वर्षी गल्लीनं आडावर पाणी भरू दिलं नव्हतं. कारण बत्तीस पोरांत मांग-महारांची पोरं होती, रामोशाचं एक होतं, धनगरांची होती, आणि सगळी एका पंगतीला बसत होती. सहा महिने पोरांनी ओढ्यावरून पाणी आणलं. रेक्टर गुरुजी जिद्दीचे. त्यांनी पोरांना वेगळं केलं नाही आणि वाडाही सोडला नाही. रोज सकाळी गल्लीच्या डोळ्यांदेखत सगळ्या जातींची पोरं एका ओट्यावर बसून एका सुरात पाढे म्हणत होती. गल्लीला ते ऐकावंच लागत होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात आड मोकळा झाला. मी आलो तेव्हा त्या आडावर कुणाचा दोर कुणाला लागला तरी कुणी बोलत नव्हतं. दोन पिढ्यांच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते एका ओट्यानं केलं.

म्हणून गावाला शोभणारी इमारत असं कुणी म्हटलं की मी सावध होतो. गावाच्या दगडाशी, उन्हाशी, उंचीशी तिनं जुळवून घ्यावं. गावाच्या विटाळाशी घेऊ नये. आणि त्यासाठी तिला गावात असावं लागतं. आता मंजूर झालेल्या वसतिगृहात बहुतेक पोरं कुणाची येणार आहेत? मागासवर्गीयांची, भटक्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, मेंढ्यांमागं फिरणाऱ्यांची. त्यांना तुम्ही कुठं ठेवताय? गावापासून तीन किलोमीटर लांब, गायरानात. पूर्वी याला गावकुसाबाहेर म्हणत. आता "उपलब्ध शासकीय जागा" म्हणतात. कागदावर हेतू वाईट नाही, मी मान्य करतो. गावात सरकारी जागा नाही आणि माळावर फुकट आहे. पण माणसाचं वागणं कागदावरच्या हेतूनं बदलत नाही. माळावरच्या भिंतीआड कोण कुणाबरोबर जेवतं ते गावाला कधी दिसणारच नाही, आणि मग गावाला बदलायचीही गरज पडणार नाही. फार सोयीचं आहे ते.

ज्यांनी या महाराष्ट्रात वसतिगृहं उभी केली त्यांना ही गोष्ट पक्की कळत होती. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात पहिलं मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं निघत गेली. त्यातली काही दसरा चौकाच्या आसपास अजून उभी आहेत. म्हणजे ऐन शहरात, राजाच्या मिरवणुकीच्या वाटेवर. महाराजांच्या हातात अख्खं संस्थान होतं. माळ त्यांना कमी नव्हते. ती बोर्डिंगं जातवार होती, हा त्यांचा उणेपणाही सांगायला हवा. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर अंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. तो सल घेऊन माणूस साताऱ्याला आला आणि १९२४ साली त्यानं सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग काढलं. धननीच्या बागेत. १९२७ साली गांधींनी येऊन त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. पोरं स्वतः पाणी भरत, दळत, रांधत, खोल्यांच्या भिंती रचत. लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. तिकडं १९२५ साली आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. सोलापूर हे गिरण्यांचं, माणसांनी गजबजलेलं गाव. यातल्या कुणीही पोरांना माणसांपासून लांब नेलं नाही.

मुलींची सुरक्षितता, हा माळाच्या बाजूचा मोठा मुद्दा. "गावात टवाळखोर असतात, माळावर शांतता असते." हे बोलणाऱ्यानं कधी संध्याकाळी सातच्या पुढं त्या रस्त्यानं चालून बघितलंय का? एकही दिवा नाही. शेवटची शहरी एसटी साडेसहाला. कॉलेजातून सुटलेली, लायब्ररीत थांबलेली, दवाखान्यात गेलेली मुलगी परत कशी जाणार? रिक्षाला पैसे असते तर ती वसतिगृहात आली नसती. याचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण दुसरीकडं तेच झालेलं मी बघितलंय. सहाच्या आत फाटक बंद, असा नियम निघतो. लायब्ररी बंद, खेळ बंद, क्लास बंद. जागा चुकीची निवडायची आणि तिची शिक्षा मुलींनी भोगायची.

गल्लीतले डोळे कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा जागे असतात. मात्र तेच डोळे चौकशाही करतात, हे माझ्या पुतणीनं मला चांगलं सुनावलंय. "काका, तुमच्या आजीनं तुम्हांला भाकरी दिली. मला विचारलं असतं, कुठं गेलतीस, कुणाबरोबर आलीस." खरं आहे तिचं. यावर जुन्या वाड्यातच उत्तर होतं. बाहेरचा ओटा गल्लीचा, मधला चौक येणाऱ्या-जाणाऱ्याचा, आणि मागचा चौक घरातल्या बायकांचा, तिथं परका डोळा पोचत नसे. वाड्यानं तो आडोसा बाईला कोंडायला वापरला. मुलींच्या वसतिगृहात तोच आडोसा तिला मोकळं बसायला मिळेल. केस वाळवायला, मोठ्यानं हसायला, उघड्यावर झोपायला. नव्या नकाशात मुलींसाठी आडोशाची जागा फक्त खोली आणि संडास. उरलेलं सगळं बोळ.

संडासाचं निघालंच तर सांगून टाकतो. आमच्या वाड्यात बत्तीस पोरांना एक संडास होता, तोही नावाला. आम्ही ओढ्याकडं जायचो. मुलींना प्रवेशच नव्हता. तेव्हा वाडा आहे तसा ठेवा, असं मी म्हणत नाही. मागची पडकी बाजू उतरवा, पाणी आणा, दर सहा-सातजणांमागं एक न्हाणी आणि एक संडास करा, तळघरापासून गच्चीपर्यंत तारा नव्या टाका. जोतं, पुढच्या भिंती आणि ओटा मात्र ठेवा. आमच्याकडचा काळा दगड अजून शंभर वर्षं हलायचा नाही.

दोनशे पोरं वाड्यात मावणार नाहीत, हे मलाही कळतं. मग दोनशेंना एकाच ठिकाणी कोंबायची सक्ती कुणी केली? चाळीस-पन्नासांची चार घरं करा. एक वाड्यात. एक जुन्या धान्य बाजाराच्या पडून असलेल्या जागेत. एक तालुका शाळेमागच्या मोकळ्या पटांगणाच्या कडेला. एक हवं तर कॉलेजजवळ. सगळी गावठाणात, स्टँडपासून चालत पोचता येतील अशी. तळमजला आणि वर एक मजला, आजूबाजूच्या घरांपेक्षा उंच नाही. पन्नास पोरांत रेक्टरला प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाच्या घरचं दुखणं माहीत असतं. दोनशेंत त्याला फक्त हजेरीचे आकडे माहीत असतात. भिंती इथल्या दगडाच्या, म्हणजे इथल्या वडार गवंड्यांना काम. तोंड उत्तर-दक्षिण, मध्ये चौक, चौकात निंब. छपराचं पाणी पडेल तेवढं खाली हौदात. पाचशे मिलिमीटर का असेना, ते आपलं आहे. न्हाण्यांचं पाणी झाडांना. आणि प्रत्येक घराला गल्लीकडं एक ओटा, त्यामागं वाचनखोली, जिथं गल्लीतलं कुठलंही पोरगं येऊन बसेल.

महाग पडेल म्हणतात. एक मोठी इमारत स्वस्त आणि चार लहान महाग, हे कंत्राटदाराच्या हिशेबात खरं आहे. त्याला यंत्रं एकदाच उभी करावी लागतात. पण तीन किलोमीटरचा रस्ता, पाण्याची लाईन, विजेचे खांब, आवारभिंत, रोजची बस किंवा टँकर हे कुणाच्या खात्यात लिहिलंय? नकाशाच्या कोपऱ्यातल्या खर्चात ते नाही. मी शोधलं.

आणि इथलं सामान वापरून बांधणं म्हणजे मागासपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला जाऊन यावं. १९३६ साली गांधी तिथं राहायला गेले. घरासाठी पाचेक मैलांच्या आत मिळेल तेच सामान वापरा, असा त्यांचा आग्रह होता. मातीच्या भिंती, लाकूड-बांबू, वर देशी कौलं, खाली ओसरी. वर्ध्याचा उन्हाळा आमच्याहून कडक, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. त्या कुटीत भर दुपारी पाच मिनिटं बसा आणि मग शेजारच्या कुठल्याही नव्या सरकारी इमारतीत बसा. जगातले राजकारणी त्या मातीच्या घरात येऊन मांडी घालून बसले. आमच्या पोरांना मात्र ते कमीपणाचं वाटेल अशी काळजी ऑफिसात बसून केली जाते.

पोरं आणि शेजार यांचं नातं तोडलं की काय होतं, ते बघायला पुण्याला जा. आमच्याकडची शेकडो पोरं तिथल्या पेठांत स्पर्धा परीक्षेसाठी राहतात. एका खोलीत पाच खाटा, खाटेवर भाडं, तिला कॉटबेसिस म्हणतात. खोलीत बसायला जागा नाही, इमारतीला ओटा नाही, जिन्यात थांबलं की मालक ओरडतो. मग ती रात्री अकराला चहाच्या टपरीभोवती उभी राहतात, रस्त्यात गाड्या लावतात, मोठ्यानं बोलतात. सोसायटीवाले वैतागतात. खाली पाटी लागते, विद्यार्थ्यांना जागा मिळणार नाही. पोरं म्हणतात पुणेरी माणूस तुसडा, पुणेकर म्हणतात गावची पोरं बेशिस्त. दोघंही आपापल्या जागी खोटे नाहीत. पण हे भांडण बांधणाऱ्यानं लावून दिलंय. बसायची जागा नकाशातून काढली की माणूस रस्त्यावरच बसणार. माळावरच्या आमच्या इमारतीत रस्ताही नाही, तेव्हा तेवढं भांडण तरी होणार नाही, असंही एकानं मला ऐकवलं.

दूर अहमदाबादेत व्यवस्थापनाच्या मोठ्या संस्थेत लुई कान नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदानं बांधलेली विद्यार्थ्यांची विटांची घरं आहेत. उन्हाला अडवणाऱ्या खोल कमानी, मध्ये सावलीच्या जागा. २०२० च्या डिसेंबरात त्या १८ पैकी १४ घरं पाडायचं ठरलं, तेव्हा जगभरातून पत्रं गेली आणि महिन्याच्या आत निर्णय मागं घेण्यात आला. पुढंही त्या घरांवरचं संकट काही टळलं नाही, पण तेव्हा बोलणारी माणसं होती. आमच्या वाड्याचा वास्तुविशारद कोण, हे कुणाला ठाऊक नाही. कुणीतरी गवंडी असेल. त्याच्यासाठी लंडन-न्यूयॉर्कहून पत्र यायचं नाही. ते आमचं आम्हांलाच लिहावं लागेल.

म्हणून मी लिहिलं. हरकतीचा अर्ज दिला, सोबत वाड्याचं माप, मिळकत पत्रिकेचा उतारा आणि बक्षीसपत्राची नक्कल जोडली. त्या बक्षीसपत्रात देणाऱ्यानं स्वच्छ लिहून ठेवलंय की जागा "गोरगरीब विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी" आणि इतर कशासाठीही वापरू नये. दुकानगाळ्यांचा ठराव करणाऱ्यांनी ते वाचलेलं दिसत नाही. उत्तर आलं एका ओळीचं: नमुना नकाशात बदल करण्याची तरतूद नाही. जागेबद्दल एक अक्षर नाही.

नगरपंचायतीची सभा पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे. सभा अकराला असते. त्या वेळी सगळं गोड दिसतं. माझी एवढीच विनंती आहे की ज्यांच्या मुली जूनपासून तिथं राहायला जाणार आहेत त्या आयांनी आणि ज्यांना हात वर करायचाय त्या नगरसेवकांनी आदल्या रविवारी संध्याकाळी सात वाजता एसटी स्टँडवर जमावं. मी तिथं असेन. स्टँडपासून त्या माळापर्यंत पायी जायचं, बॅटरी न घेता. साधारण चाळीस मिनिटं लागतात. परतीला चढ आहे, म्हणून थोडी जास्त.